हॉबी सीएनसीला वॉटर-कूल्ड स्पिंडल बसवताना: पहिल्यांदा ‘रन’ दाबण्याआधीची कामं

हातातला ट्रिमर (लाकूड कापायचं छोटं राउटर यंत्र) बसवलेला घरगुती सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचनांवर कापणारं मशीन, रोज चालवायला लागलं की दोन अडचणी जाणवतात. एक म्हणजे ट्रिमरचा कर्कश आवाज. शटर ओढलं तरी तो शेजारच्या गाळ्यात पोचतो. दुसरी म्हणजे कार्बन ब्रश. ट्रिमरचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, हवेबरोबर एमडीएफची पूड आत जाते आणि ब्रश, कम्युटेटर, बेअरिंग अशी सगळ्यांची वाट लागते. वॉटर-कूल्ड स्पिंडलला, म्हणजे टूल पकडून फिरवणाऱ्या आणि पाण्याने थंड होणाऱ्या मोटरला, ब्रशही नाहीत आणि पंखाही नाही. आत तीन फेजची इंडक्शन मोटर असते, तिची उष्णता भोवतीच्या पोकळीतून फिरणारं पाणी घेऊन जातं. १२,००० आरपीएमला तो रिकामा फिरत असला तर शेजारी उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलता येतं. टूल लाकडात शिरल्यावरचा आवाज मात्र राहतोच, त्यावर कुठल्याही मोटरचा इलाज नाही.

बसवायचं काम फिटरला जमेल इतकं साधं आहे. अवघड आहे ते क्रम पाळणं. असे स्पिंडल कापता कापता सहसा जळत नाहीत. व्हीएफडीत, म्हणजे स्पिंडलला वीज पुरवून त्याचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, चुकीचा आकडा राहिला, पाणी थांबलं किंवा अर्थिंग नव्हतं, या कारणांनी ते जातात. ही तिन्ही कामं पहिला कट घेण्याच्या आधीची आहेत, म्हणून या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

कोणता स्पिंडल घ्यावा

बाजारात तीन आकार सहज मिळतात: ६५ मिमी व्यासाचा ०.८ किलोवॅट, ८० मिमीचा १.५ किलोवॅट आणि ८० मिमीचाच २.२ किलोवॅट. तिघांचा कमाल वेग साधारण २४,००० आरपीएम, म्हणजे ४०० हर्ट्झ.

घरच्या किंवा छोट्या गाळ्यातल्या मशीनला आमच्या मते १.५ किलोवॅट योग्य. कारण विजेचं आहे. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी आतल्या कपॅसिटरमुळे वीज झटक्याझटक्याने ओढतो, त्यामुळे वॅटवरून काढलेल्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष करंट बराच जास्त असतो. १.५ किलोवॅट पूर्ण भाराला १२ ते १४ अँपिअर घेतो, तेवढं १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला झेपतं. २.२ किलोवॅट पूर्ण भाराला १६ च्या वर जातो. त्याला मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमीची वायर आणि स्वतंत्र एमसीबी लागतो. शिवाय हॉबी मशीनची फ्रेम २.२ किलोवॅटचा जोर सहन करत नाही. मोटर दमण्याच्या आधी गँट्री (स्पिंडल वाहून नेणारा आडवा पूल) वाकते आणि विकत घेतलेली ताकद वाया जाते.

कोलेटचा, म्हणजे टूल पकडणाऱ्या चिरलेल्या बुशचा, विचार आधीच करा. ईआर-११ मध्ये ७ मिमीपर्यंतचा शँक (टूलचा पकडायचा दांडा) बसतो, ईआर-१६ मध्ये १० आणि ईआर-२० मध्ये १३ मिमीपर्यंत. देव्हाऱ्याची जाळी, नेमप्लेट, अ‍ॅक्रिलिकची अक्षरं एवढंच करायचं असेल तर ईआर-११ पुरतो. ८ मिमी शँकची टूल वापरायची असतील तर ईआर-१६ चाच स्पिंडल घ्या, कारण नंतर बदलता येत नाही. आपल्याकडे ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, अशी दोन्ही शँकची टूल मिसळून मिळतात. ईआर कोलेट दाबला की लहान होतो, मोठा होत नाही. ६ मिमीच्या कोलेटमध्ये ६.३५ घुसवायचा प्रयत्न करू नका. एका सुताच्या, म्हणजे ३.१७५ मिमी शँकसाठीही वेगळा कोलेट घ्या.

३०१८ सारख्या छोट्या मशीनवर यातला एकही बसवू नये. तिच्या वर-खाली सरकणाऱ्या झेड अ‍ॅक्सिसला ७७५ मोटरचं वजन पेलायचं असतं, त्यावर ४ किलो टांगलं की सगळं खाली झुकतं. एक्स आणि वाय अ‍ॅक्सिसला लिनिअर रेल किंवा जाड रॉड, झेडला बॉल स्क्रू किंवा चांगला लीड स्क्रू आणि शक्य असेल तर नेमा-२३ आकाराची स्टेपर मोटर असलेल्या मशीनवरच पुढचं काम करा.

झेड अ‍ॅक्सिस आणि क्लँप

१.५ किलोवॅटचा स्पिंडल सुमारे ४ किलोचा असतो, ट्रिमर २ किलोच्या आत. या फरकाचा पहिला परिणाम वीज बंद केल्यावर दिसतो. बॉल स्क्रूवरचा झेड वजनाने आपोआप खाली सरकतो आणि टूल जॉबवर टेकतं. गॅस स्प्रिंग लावा, नाहीतर मशीन बंद करण्याआधी स्पिंडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. २ मिमी पिचचा लीड स्क्रू सहसा सरकत नाही, पण ८ मिमी लीडचा सरकतो.

जीआरबीएलमध्ये (कंट्रोलर बोर्डावर चालणारं सॉफ्टवेअर) झेडचं अ‍ॅक्सिलरेशन $१२२ आणि कमाल वेग $११२, दोन्ही आधीच्या आकड्यांच्या निम्म्यावर आणा. झेड ५० मिमी वर-खाली शंभर वेळा पळवा आणि शेवटी डायल गेजवर शून्याला परत येतो का बघा. एक-दोन शतांश मिमीच्या वर फरक आला तर स्टेप सुटताहेत. तसं नसेल तर आकडे हळूहळू वाढवता येतील.

क्लँप ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा, ८० मिमी बोअरचा घ्या. झेड प्लेटवर त्याची भोकं जुळत नसतील तर १२ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची अडॅप्टर प्लेट करून घ्यावी लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत व्हीएमसी मिलिंगवाल्यांकडे हे काम किरकोळ आहे. प्लेटची दोन्ही तोंडं समांतर हवीत, हे ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा. घरी ग्राइंडरने केलेली प्लेट पुढे ट्रॅमिंग करताना, म्हणजे स्पिंडल टेबलाला काटकोनात आणताना, फार छळते.

क्लँप खालच्या बेअरिंगजवळ पकडा, कारण कापण्याचा जोर तिथे येतो. मात्र खालची टोपी आणि बॉडी यांच्या जोडावर पकडू नका. बोल्ट आलटून पालटून, ॲलन कीच्या आखूड बाजूने, हाताच्या जोराने आवळा. पाइप लावून आवळलं तर स्पिंडलची पातळ बॉडी दबते, बेअरिंगची जागा लंबवर्तुळाकार होते आणि स्पिंडल विनाकारण तापतो. आवळल्यावर शाफ्ट बोटांनी फिरवून बघा. आधी जितका हलका फिरत होता तितकाच फिरायला हवा. जड वाटला तर बोल्ट सैल करा. स्पिंडल घसरत असेल तर बोअर आणि बॉडीवरचं तेल थिनरने पुसा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

अर्थिंग: आधी तपासा, मग जोडा

स्पिंडलच्या डोक्यावर चार पिनांचा गोल कनेक्टर असतो. १, २, ३ या पिनांवर मोटरचे तीन फेज असतात. चौथी पिन अर्थची समजली जाते, पण कित्येक स्पिंडलमध्ये ती आतून कुठेच जोडलेली नसते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून चौथी पिन आणि बॉडी तपासा. बीप आला आणि रोध १ ओहमच्या आत असला तर ठीक. नसेल तर वरचं झाकण उघडून चौथ्या पिनेपासून बॉडीपर्यंत वायर टाका. ते जमत नसेल तर झाकणाच्या एका स्क्रूखाली रिंग लग लावून वेगळी हिरवी वायर बाहेर काढा. लगखालचं अ‍ॅनोडाइझिंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा, कारण तो थर वीज वाहू देत नाही.

याच वेळी दोन चाचण्या आणखी करा. १-२, २-३ आणि ३-१ या तिन्ही जोड्यांचा रोध एकसारखा यायला हवा. आकडा लहानच असतो, तिन्ही सारखे आहेत का हे बघायचं. नंतर प्रत्येक पिन ते बॉडी असा रोध बघा, तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. एखाद्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) असेल तर इन्सुलेशन त्याच्यावर तपासून घेतलेलं उत्तम, मात्र व्हीएफडीला जोडण्याआधी. जोडलेल्या अवस्थेत मेगर मारला तर व्हीएफडी जातो.

आता भिंतीतलं अर्थिंग. जुन्या इमारतीत तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा कोणीतरी ती न्यूट्रललाच जोडून दिलेली असते. फेज-अर्थ व्होल्टेज फेज-न्यूट्रलच्या जवळपास हवं आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. नुसत्या मीटरवर कमकुवत अर्थही चांगला दिसू शकतो, म्हणून लायसनधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने एकदा मोजून घ्या. या स्पिंडलमधून पाणी फिरतं आणि तुमचा हात त्याच्या बॉडीला सतत लागतो. अर्थ पक्का नसेल तर हे मशीन चालवू नये, त्यात मधला मार्ग नाही.

स्पिंडलची बॉडी, मशीनची फ्रेम, व्हीएफडी आणि कंट्रोलरचा डबा या सगळ्यांच्या अर्थ वायर एकाच पट्टीवर आणा. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ केली तर व्हीएफडीचा सगळा विजेचा गोंगाट (नॉइज) कंट्रोलरच्या वायरमधून वाहतो.

केबल आणि व्हीएफडीची जागा

व्हीएफडी ते स्पिंडल चार कोअरची, १.५ चौरस मिमीची, जाळीदार शील्डची लवचीक केबल हवी. तीन कोअर फेजसाठी, चौथा अर्थसाठी. शील्ड व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला घट्ट जोडा. मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकांना थिंबल दाबा. नुसती पिळलेली वायर स्क्रूखाली दिली तर कंपनाने सैल होते आणि एक फेज सुटतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत केबल घेताना “सर्व्होची शील्ड केबल” मागितली की दुकानदाराला नेमकं कळतं.

ही केबल लिमिट स्विच (मशीनला टोकाशी थांबवणारे) आणि स्टेपरच्या वायरींपासून किमान २०-३० सेंटिमीटर लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. एकाच केबल चेनमधून सगळं नेणं सोयीचं वाटतं, पण पुढे जॉबच्या मध्येच ‘अलार्म १’ येऊन मशीन थांबतं ते त्यामुळेच.

व्हीएफडीच्या आउटपुटला स्विच, काँटॅक्टर किंवा कपॅसिटर काहीही लावू नका. चालू असताना स्पिंडलचा कनेक्टर काढू नका. इनपुटची फेज आणि न्यूट्रल फक्त इनपुट टर्मिनलवर, म्हणजे आर-एस-टी पैकी तुमच्या व्हीएफडीच्या स्टिकरवर सिंगल फेजसाठी दिलेल्या दोघांवर. यू-व्ही-डब्ल्यू वर घरची वीज दिली की व्हीएफडी त्याच क्षणी जातो. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब टिकून राहतो. झाकण उघडण्याआधी किमान दहा मिनिटं थांबा आणि मीटरने खात्री करा.

व्हीएफडी उभा टांगा, वर-खाली १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. भुसा उडतो त्या बाजूला तो नको. अ‍ॅल्युमिनियमचा बारीक कीस आत गेला तर शॉर्ट होतो.

व्हीएफडीचे आकडे: लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग

नवा व्हीएफडी ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी सेट केलेला येतो. म्हणजे ५० हर्ट्झला तो पूर्ण २२० व्होल्ट देतो. आपल्या स्पिंडलला २२० व्होल्ट ४०० हर्ट्झला हवेत, दर हर्ट्झला ०.५५ व्होल्ट. त्या प्रमाणात ५० हर्ट्झला त्याला फक्त २७.५ व्होल्ट लागतात. सेटिंग न बदलता ‘रन’ दाबलं तर त्याला आठपट दाब मिळतो, आतलं लोखंड चुंबकीय दृष्ट्या तुडुंब भरतं, करंट वाढत जातो आणि थोड्याच वेळात वाइंडिंगचा वार्निश करपतो. स्पिंडल गुणगुणतो, नीट फिरत नाही आणि जळका वास येतो. त्यामुळे खालचे आकडे भरल्याशिवाय स्पिंडलची केबल व्हीएफडीला जोडूच नका.

आकडे हुआनयांगच्या व्हीएफडीचे दिले आहेत, कारण हॉबीत तोच सर्वांत जास्त दिसतो. दुसऱ्या कंपनीचा असेल तर पॅरामीटरचं नाव शोधा, बहुतेक आकडे तेच राहतील.

पीडी०१३ = ८, आधीचं सगळं पुसून फॅक्टरी सेटिंगला आणण्यासाठी.
पीडी००५ = ४००, कमाल फ्रिक्वेन्सी. हा सर्वांत आधी भरा, नाहीतर पुढचे दोन ४०० पर्यंत जाऊच देत नाही.
पीडी००४ = ४००, बेस फ्रिक्वेन्सी. स्पिंडल वाचवणारा आकडा हाच.
पीडी००३ = ४००, मुख्य फ्रिक्वेन्सी.
पीडी००८ = २२०, कमाल व्होल्टेज.
पीडी०११ = १००, खालची मर्यादा, म्हणजे ६,००० आरपीएम.
पीडी०१४ आणि पीडी०१५ = १०, वेग वाढण्याचे आणि कमी होण्याचे सेकंद.
पीडी०७२ = ४००, बाहेरून पूर्ण व्होल्टेज आल्यावर मिळणारी फ्रिक्वेन्सी.
पीडी१४१ = २२०, मोटरचं व्होल्टेज.
पीडी१४२ = स्पिंडलच्या नेमप्लेटवर लिहिलेले अँपिअर.
पीडी१४३ = २, पोल.
पीडी१४४ = ३०००.

शेवटच्या आकड्यावर लोक अडखळतात. तिथे २४,००० भरायचं नसतं. दोन पोलची मोटर ५० हर्ट्झला किती फिरते ते तिथे विचारलेलं आहे, म्हणून ३०००. मग ४०० हर्ट्झला डिस्प्लेवर बरोबर २४,००० दिसतात.

पीडी१४२ नेमप्लेटपेक्षा जास्त ठेवू नका. २.२ किलोवॅटचा व्हीएफडी १.५ किलोवॅटच्या स्पिंडलला लावला तर हीच एक मर्यादा त्याला वाचवते. सगळं भरून झालं की वीज बंद करा, डिस्प्ले विझू द्या, परत चालू करा आणि प्रत्येक आकडा टिकला आहे का ते पुन्हा वाचा. विशेषतः पीडी००४.

पाणी

उष्णतेचा हिशेब एकदा मांडला की पंप, टाकी आणि नळी आपोआप ठरतात. हॉबी कामात १.५ किलोवॅटच्या स्पिंडलमधून साधारण २०० वॅट उष्णता पाण्यात येते असं धरू. मिनिटाला २ लिटर पाणी फिरवलं तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात फरक जेमतेम दीड अंश. त्याहून मोठा पंप घेऊन काहीच हाती लागत नाही. टाकीचं मात्र तसं नाही. १० लिटर पाणी तासाभरात १७ अंशांपर्यंत तापू शकतं, २० लिटर साडेआठ अंशांपर्यंत. बादलीतून थोडी उष्णता हवेत जाते म्हणून प्रत्यक्षात वाढ याहून कमी होते.

आता यात नागपूर-चंद्रपूरचा मे महिना धरा. बादलीतलं पाणी सकाळीच ३५ अंशांवर असतं, दुपारी चाळिशी गाठतं. टाकीतलं पाणी ४५ च्या वर जाऊ देऊ नये. तिथे २० लिटरची टाकी आणि जोडीला दोन पंख्यांचा, कॉम्प्युटरसाठी मिळतो तो २४० मिमीचा रेडिएटर लावावा. सीडब्ल्यू-३००० नावाने विकतात तोही चिलर नाही, पंखा लावलेला रेडिएटरच आहे. खोलीच्या तापमानापेक्षा थंड तो करू शकत नाही. दिवसाला एक-दोन तास काम असेल तर झाकणाची २० लिटरची बादली पुरेशी आहे, हे आम्ही ठामपणे सांगू.

पाण्यात बर्फ टाकू नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. पाणी त्याहून थंड झालं की थंड ग्लासावर जमतात तसे थेंब स्पिंडलच्या आत, वाइंडिंगवर आणि बेअरिंगवर जमतात. बाहेरून काही कळत नाही, काही महिन्यांनी बेअरिंग किरकिरायला लागतं. पाणी खोलीच्या तापमानाचं किंवा दोन-चार अंश कोमट असणं हेच बरोबर.

पंप १२ व्होल्ट डीसीचा, ब्रशलेस, ३ मीटर हेडचा आणि ताशी २४० लिटरचा घ्या. डेझर्ट कूलरचा पंप स्वस्त आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, पण त्याच्यात २३० व्होल्ट थेट पाण्यात उतरतात. अनेक स्वस्त कूलर पंपांना अर्थची वायरही नसते. सील फुटलं की करंट पाण्यातून स्पिंडलपर्यंत पोचतो. वापरायचाच असेल तर अर्थ वायर असलेला घ्या आणि पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) ठेवा. हेडचा आकडा जास्तीत जास्त उंचीचा असतो, त्या उंचीला प्रवाह शून्य होतो. बादली जमिनीवर आणि स्पिंडल दीड मीटरवर असेल तर ३ मीटर हेड हवाच.

नळी न्यूमॅटिकच्या दुकानात मिळणारी ८ मिमी बाहेरचा व्यास असलेली पीयू नळी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ती मीटरवर मिळते. आतला व्यास ५ का ६ हे स्पिंडलच्या निप्पलवर चढवून ठरवा. ब्लेडने काटकोनात कापा, तिरकं कापलेलं टोक नटखाली गळतं. सिलिकॉनची नळी मऊ असते, पण केबल चेनच्या वळणावर चिमटली जाते आणि पाणी गुपचूप थांबतं. चेनच्या आत नळीला केबल टाय आवळू नका.

पाणी बोअरवेलचं नको, नळाचंही नको. क्षारांचा थर आत बसला की तो परत निघत नाही. बॅटरीत घालतात ते डीएम पाणी घ्या. नुसतं डीएम पाणीही बरं नाही, कारण पितळी निप्पल आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की गंज सुरू होतो. त्यात गाडीचा कूलंट एकास तीन या प्रमाणात मिसळा. गंजही थांबतो आणि शेवाळही धरत नाही. बादली अपारदर्शक आणि झाकणाची हवी. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी आणि लहान मुलांनी ते पिऊ नये म्हणून झाकण लागतंच. कॅनडात किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागात गॅरेजमध्ये मशीन ठेवणाऱ्यांनी कूलंटचं प्रमाण डब्यावरच्या तक्त्याप्रमाणे वाढवावं. पाणी गोठलं की स्पिंडलची बॉडी फुटते.

जोडून झालं की वीज न देता फक्त पंप रात्रभर चालवा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. सकाळी ओला दिसला तर जोड पुन्हा करा. परतीच्या नळीचं टोक पाण्याच्या दोन सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे धार डोळ्यांना दिसते. एक लिटरची बाटली त्या धारेखाली धरा. ३० सेकंदांत भरली तर २ लिटरचा हिशेब बरोबर जुळला. मिनिटाहून जास्त लागला तर कुठेतरी नळी दबली आहे.

धार रोज कोणी बघत बसत नाही, म्हणून फ्लो स्विच लावा. हॉल सेन्सरचा फ्लोमीटर वापरणार असाल तर ०.३ ते ६ लिटर पल्ल्याचा वायएफ-एस४०१ घ्या. सगळीकडे मिळणारा एस२०१ मिनिटाला १ ते ३० लिटरसाठी आहे आणि आपल्या प्रवाहाला तो अगदी तळाशी काम करतो. स्विचचा सिग्नल थेट व्हीएफडीच्या रन टर्मिनलला देण्याचा मोह होतो. तसं केलं तर पाणी थांबताच स्पिंडल थांबेल, पण अ‍ॅक्सिस पुढे सरकत राहतील आणि टूल तुटेल. तो कंट्रोलरच्या सेफ्टी डोअर इनपुटला द्या, म्हणजे आधी हालचाल थांबते आणि मग स्पिंडल. पंप आणि व्हीएफडी एकाच एमसीबीवर ठेवा. वीज गेली की दोघंही जातात, आली की पंप आपोआप सुरू होतो.

पहिला रन

कोलेट आणि टूल काढून ठेवा, रिकामा नटही काढा. पंप चालू, धार दिसते आहे, आकडे वाचून झाले आहेत. १०० हर्ट्झवर ‘रन’ दाबा आणि लगेच ‘स्टॉप’. शाफ्ट कोणत्या दिशेने फिरला ते वरून बघा. घड्याळाच्या दिशेनेच हवा. उलटा असेल तर वीज बंद करून, दहा मिनिटं थांबून, यू-व्ही-डब्ल्यू पैकी कुठल्याही दोन वायर अदलाबदल करा.

मग बेअरिंगचं ग्रीस पसरवण्यासाठी ६,००० वर अर्धा तास, १२,००० वर अर्धा तास, १८,००० वर वीस मिनिटं आणि शेवटी २४,००० वर दहा मिनिटं. दर टप्प्याला खालच्या नाकाला हात लावा. कोमट चालेल, हात टिकत नसेल तर थांबवा आणि पाण्याचा प्रवाह, क्लँपचा दाब, पीडी००४ या क्रमाने तपासा. पुढेही दर सकाळी कामाआधी पाच-दहा मिनिटं १०-१२ हजारांवर रिकामा फिरवावा.

कोलेट बसवण्याची पद्धत इथे सांगायलाच हवी. कोलेट आधी नटमध्ये तिरका घालून ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवायचा, आणि मग नटसकट स्पिंडलला लावायचा. आधी कोलेट शाफ्टमध्ये टाकून वरून नट फिरवला तर टूल वाकडं पकडलं जातं, आणि काढताना कोलेट आतच अडकून बसतो. दोन पाने वापरा. शाफ्ट हाताने धरून आवळू नका.

डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतं ते, बघा. स्पिंडलच्या आतल्या टेपरवर ०.०१ मिमीच्या आत हवा, कोलेटपासून २० मिमी खाली गुळगुळीत पिनेवर ०.०२-०.०३ पर्यंत चालेल. टेपरवर ठीक आणि पिनेवर जास्त आला तर कोलेट बदला, स्पिंडलला दोष देऊ नका.

ट्रॅमिंगसाठी डायल १०० मिमी लांब दांडीवर लावून हाताने गोल फिरवा. २०० मिमी अंतरात ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. क्लँपखाली शिम लागला तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा वापरा, तो साधारण ०.१ मिमीचा असतो.

कंट्रोलरशी जोडणी

दोन मार्ग आहेत. पहिला ०-१० व्होल्टचा: कंट्रोलर बोर्डाचा पीडब्ल्यूएम (स्पंदांच्या रूपातला वेगाचा सिग्नल) एका छोट्या कन्व्हर्टरमधून ०-१० व्होल्ट करून व्हीएफडीला द्यायचा, आणि पीडी००१ = १, पीडी००२ = १, पीडी०७० = ०. जीआरबीएलमध्ये $३० = २४०००, $३२ = ०. मग एस१२००० (१२,००० आरपीएमची आज्ञा) ला कन्व्हर्टरच्या आउटपुटवर ५ व्होल्ट येतील असा त्याचा ट्रिमपॉट फिरवा. दुसरा मार्ग आरएस-४८५ चा, म्हणजे वायरीवरून डिजिटल संदेश पाठवण्याचा. त्यात व्हीएफडीच्या गोंगाटाने वेग डळमळत नाही. लिनक्ससीएनसी आणि फ्लुइडएनसी या दोन्ही कंट्रोलर सॉफ्टवेअरना हुआनयांगची भाषा कळते, मात्र तो मॉडबस या संदेशपद्धतीचा प्रमाणित प्रकार नाही, म्हणून कुठलंही मॉडबस सॉफ्टवेअर चालेल असं समजू नका. बोर्ड आरएस-४८५ देत असेल तर दुसरा मार्ग निवडा.

वेग चढायला दहा सेकंद लागतात, म्हणून प्रोग्राममध्ये एम३ (स्पिंडल सुरू) नंतर जी४ पी१० (दहा सेकंद थांबा) टाका. जीआरबीएलमध्ये पी सेकंदात असतो, काही सॉफ्टवेअरमध्ये मिलिसेकंदात, ते आधी तपासा. हा थांबा विसरला तर अर्ध्या वेगाचं टूल लाकडात घुसतं आणि तुटतं.

कापताना वेग कमी ठेवायची सवय

ट्रिमरवरून आलेल्यांना वेग कमी केला की टूल नीट कापेल असं वाटतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या स्पिंडलची ताकद वेगाच्या प्रमाणात मिळते. २४,००० ला १.५ किलोवॅट, १२,००० ला ७५० वॅट, ८,००० ला फक्त ५००. ८,००० वर २५ मिमीचा सरफेसिंग कटर सागवानात घातला तर स्पिंडल अडकतो आणि व्हीएफडी ओव्हरलोड दाखवतो. सरफेसिंग १४-१६ हजारांवर, अर्धा मिमी खोलीने करा.

सुरुवातीचे आकडे असे घ्या. एमडीएफ, एचडीएचएमआर बोर्ड किंवा प्लाय, ६ मिमी दोन धारी टूल: १२,००० आरपीएम, दर धारेला ०.०८ मिमी, म्हणजे फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) १,९२० मिमी प्रतिमिनिट, खोली ३ मिमी. अ‍ॅक्रिलिक, ३ मिमी एकधारी: १६,००० आणि ०.०६, म्हणजे ९६० मिमी, खोली १.५ मिमी. अ‍ॅल्युमिनियम, ६ मिमी एकधारी कार्बाइड: १८,००० आणि ०.०४, म्हणजे ७२० मिमी, खोली ०.३ ते ०.५ मिमी, सोबत हवेची धार. अ‍ॅक्रिलिक वितळून टूलला चिकटत असेल तर फीड वाढवा किंवा आरपीएम कमी करा. फीड कमी केलात तर ते आणखी वितळेल.

काय बिघडतं आणि का

स्पिंडल सुरू होताच लिमिटचा अलार्म येतो: गोंगाट. आधी शील्ड आणि एकाच पट्टीवरचं अर्थ तपासा, मग लिमिटच्या वायरी लांब करा. एवढ्यानेही थांबलं नाही तर बोर्डाच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिग्नल आणि ग्राउंडमध्ये लावा. खात्रीचा उपाय ऑप्टोकपलर, तो सिग्नल प्रकाशातून पुढे देतो.

जॉबच्या मध्ये लॅपटॉपचं कनेक्शन तुटतं: यूएसबी केबल आखूड, शील्डची आणि फेराइटची घ्या. लॅपटॉपचा चार्जर व्हीएफडीच्याच स्विचबोर्डावर लावू नका.

थांबताना व्हीएफडी ओव्हर-व्होल्टेजने ट्रिप होतो: वेग कमी व्हायची वेळ फार कमी आहे, फिरता शाफ्ट जनरेटरसारखी वीज परत पाठवतो. पीडी०१५ वाढवा, किंवा पीडी०२६ = १ करून स्पिंडल आपोआप थांबू द्या. रात्री गावाकडे व्होल्टेज २५० च्या वर चढतं तेव्हाही हाच ट्रिप येतो, त्याला स्टॅबिलायझर लागतो.

आरसीसीबी उगाच पडतो: व्हीएफडीच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे गळतो. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे. आधी बॉडीचं इन्सुलेशन मेगरने तपासा. ते ठीक असेल तर इलेक्ट्रिशियनकडून व्हीएफडीसाठीचा बी टाइप आरसीसीबी वेगळ्या लाइनवर बसवून घ्या.

स्पिंडल गुणगुणतो पण फिरत नाही: एक फेज सुटला आहे. लगेच बंद करा आणि कनेक्टरच्या आतले झाळ बघा. केबल हलते तिथे ते सुटतात, म्हणून कनेक्टरच्या आधी केबल क्लँपने बांधा, ओढ झाळावर येणार नाही अशी.

रिकाम्या स्पिंडलचा आवाज बदलतो, शिट्टीसारखा होतो किंवा खरखरतो: बेअरिंग. बाहेरून ग्रीस किंवा तेल मारू नका, जास्त ग्रीसने ते आणखी तापतं. बदलायचं असेल तर अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी, मूळ होती त्याच तोंडाने. जोडी उलटी बसली तर नवं बेअरिंगही लवकर जातं.

पाणी दर सहा महिन्यांनी बदला. स्पिंडल महिनाभर बंद ठेवणार असाल किंवा मशीन टेम्पोत टाकून हलवणार असाल, तर दोन्ही नळ्या काढून कॉम्प्रेसरच्या हलक्या दाबाने आतलं पाणी फुंकून काढा आणि निप्पलला बुचं लावा.